दोरीवरचे रोप

पोंगल उरकला, की तंजावर जिल्ह्यात सांबा भाताची कापणी जोर धरते. त्याच सुमारास काही मोजक्या शेतांत चार खुंट्या, एक दोरी आणि एक वजनकाटा घेऊन सरकारी माणसे उतरतात. शेत त्यांनी आपल्या पसंतीने निवडलेले नसते. गावातल्या भूमापन क्रमांकांतून यादृच्छिक अंकांनी एक क्रमांक काढून दिलेला असतो, आणि बांधाच्या कोपऱ्यापासून किती पावले आत जायचे तेही तसेच ठरलेले असते. पावले संपतील तिथे पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, आतले भात कापायचे, झोडायचे, वारवायचे आणि वजन लिहायचे. पंतप्रधान पीक विमा योजनेत गाव हे एकक धरले, तर मुख्य पिकासाठी असे किमान चार प्रयोग लागतात. चार चौकोनांचे क्षेत्र शंभर चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात जेमतेम एक गुंठा. मुख्यतः त्या एका गुंठ्याच्या वजनावर साऱ्या शिवाराचे उत्पन्न ठरते आणि विम्याची भरपाई मिळणार की नाही, हेही.

या सगळ्यात अवघड जागा कोणती, असे विचारले तर नवखा माणूस वजनकाट्याकडे बोट दाखवील. जाणता दोरीकडे दाखवतो. दोरी ताणली की काही रोपे नेमकी तिच्याखाली येतात. बुंधा निम्मा आत, निम्मा बाहेर, आणि लोंबी मात्र आत झुकलेली. विळा चालवायचा की नाही? बुंध्याकडे पाहा, लोंबीकडे नको, असे नियम सांगतो. पण डोळा जातो लोंबीकडेच. टपोरी, भरलेली लोंबी समोर दिसत असताना ती बाहेर सोडायला हात तयार होत नाही. यात लबाडी नसते. शेतकऱ्याला भरपाई हवी असली तर लोंबी बाहेर राहिलेलीच त्याच्या फायद्याची. तरीही हात आतच ओढतो.

हा ओढणारा हात उत्पन्नाचा आकडा किती फुगवतो, हे मोजून दाखवणारा संख्याशास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. १९३६ साली त्यांनी लंडनमध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढे ते तेव्हाच्या शाही, नंतर भारतीय झालेल्या कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या अंदाजाच्या कामाला लागले. तिकडे कलकत्त्यात दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांची पद्धत वेगळी होती. लहान लहान वर्तुळे कापावीत, पण पुष्कळ ठिकाणी कापावीत, म्हणजे खर्च कमी आणि पसारा मोठा. तर्काने पाहिले तर यात चूक काही नव्हती. सुखात्म्यांनी एकाच पिकावर लहान आणि मोठे तुकडे घेऊन तुलना केली, आणि तुकडा जितका लहान तितके उत्पन्न जास्त दिसते, हे १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. कारण दोरीत होते. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घेतले, तर दर चौरस मीटर पिकामागे सव्वातीन मीटर दोरी लागते. पाच बाय पाचच्या चौकोनात तीच दोरी एका मीटरहूनही कमी भरते. जितकी दोरी जास्त, तितकी दोरीवरची रोपे जास्त, आणि तितकी हाताला संधी जास्त.

महालनोबीसांनी हे सहजी मान्य केले नाही. त्यांचे म्हणणे, माणसे नीट शिकवलेली असली तर लहान तुकडाही चालतो. वाद दोन्ही बाजूंनी कडवा झाला. पण त्यातून जे बाहेर पडले ते आकडेशास्त्रापेक्षा खोल आहे. निष्काळजीपणाच्या चुका इकडेतिकडे पडतात. हजार ठिकाणी मोजले की बऱ्याच एकमेकींना खोडून काढतात. ओढीच्या चुकांचे तसे होत नाही. त्या सगळ्या एकाच दिशेने चालतात, आणि हजार ठिकाणी मोजले तर हजारपट घट्ट होऊन बसतात. संख्या वाढवून प्रामाणिकपणा येत नाही.

मराठीत या सगळ्याला एक तयार म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. संस्कृतात तिला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. कावेरीच्या खोऱ्यात, तमिळनाडूच्या भाताच्या कोठारात, ती म्हण तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीबरोबर आली असेल तर तिला याहून योग्य गाव मिळाले नसते. पण म्हणीत एक अट गृहीत धरलेली आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही. भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला हवा. वरचे शीत मऊ आणि बुडाशी करपलेले, असे असेल तर वरून उचललेले शीत खोटी साक्ष देते. स्वयंपाक करणारी बाई म्हणूनच पळी आधी खालपर्यंत घालते.

मग प्रश्न असा, की जे पाहिले त्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला?

हा वाद भारतीय दर्शनांत फार जुना आहे, आणि गंमत म्हणजे तोही स्वयंपाकघरातच सुरू होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, म्हणतो. कशावरून? जिथे धूर तिथे आग, जसे महानसात. महानस म्हणजे स्वयंपाकघर. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलाच मान चार्वाकाचा, आणि त्याची हरकत सरळ आहे: तुम्ही स्वयंपाकघरे पाहिलीत ती चार, आणि बोलता आहात साऱ्या डोंगरांबद्दल, झालेल्या आणि होणाऱ्या साऱ्या धुरांबद्दल. ती सांगड, म्हणजे व्याप्ती, तुम्ही कुठे पाहिलीत? अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आणि युरोपची झोप उडवली.

यावर नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर व्यवहारातले आहे. संशय घ्यायचा तर घ्या, पण तो तुमच्या स्वतःच्या वागण्याला छेद देईल तिथे थांबतो. भूक लागली की चार्वाकही चूल पेटवतोच. आग लावून धूर होईल की नाही, याची त्याला चिंता नसते. दुसरे उत्तर अधिक कामाचे, आणि ते सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठशाळेतल्या पुस्तकातही आहे. वाक्य उलटे करून पाहा: जिथे आग तिथे धूर. हे फसते. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धुराला आगीबरोबर ओले सरपण लागते. हे ओले सरपण म्हणजे उपाधी, दोन गोष्टींच्या सांगडीत लपून बसलेली तिसरी. आज जैवसांख्यिकीच्या वर्गात विद्यार्थी तिलाच ‘कन्फाउंडर’ म्हणून पाठ करतात.

इथे एक सावधगिरी हवी. हे वाचले की ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ म्हणायची उबळ काहींना येते. सगळे नव्हते. नैयायिकाला हवी होती ती अपवाद नसलेली व्याप्ती. एक जरी लोखंडाचा गोळा सापडला की त्याचे अनुमान मोडले. संख्याशास्त्र अपवाद सोबत घेऊनच चालते आणि ते किती, एवढेच सांगते. खुद्द महालनोबीसांनी १९५४ साली जैनांच्या स्याद्वादात संख्याशास्त्राचा पाया शोधायचा प्रयत्न केला, आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९५७ साली ‘संख्या’ या महालनोबीसांच्याच नियतकालिकात तो धागा पुढे नेला. दोघेही मोठी माणसे. पण ‘स्यात्’ म्हणजे ‘बहुधा’ नव्हे. ‘स्यात्’ म्हणजे ‘एका बाजूने पाहता’, आणि स्याद्वादाच्या सात भंगांपैकी, म्हणजे विधानप्रकारांपैकी, एकालाही टक्केवारी लावता येत नाही. साम्य आहे ते नम्रतेचे; गणिताचे नाही.

न पाहिलेल्याबद्दल कसे बोलावे, या प्रश्नाचे आजचे घर म्हणजे विद्यापीठातला ‘प्राथमिक संख्याशास्त्र’ नावाचा पेपर, आणि त्याचे हाल पाहण्यासारखे आहेत. एकट्या तंजावरच्या परिसरात तो किती दारांनी आत येतो! वैद्यकीय महाविद्यालयात तो सामुदायिक वैद्यक विभागाच्या आश्रयाला असतो. अडुदुरैला भातसंशोधन केंद्र आहे. तिथे त्याशिवाय एक वाण पुढे सरकत नाही. अभियांत्रिकीत तो संभाव्यतेच्या शेपटाला बांधलेला असतो. १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठात कोरीव लेख आणि भाषा शिकणाऱ्यांपर्यंतही तो पोहोचतो, कारण पीएच.डी.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी संख्यात्मक पद्धतींना जागा दिली. सरासरी, प्रमाण विचलन, टी-चाचणी: सूत्रे सगळीकडे तीच. उदाहरणांचे फक्त कपडे बदलतात. इथे रक्तदाब, तिथे लोंबीतले दाणे, पलीकडे वाक्यांची लांबी.

आणि सगळीकडे एकच जादूचा आकडा: ०.०५, म्हणजे निकाल नुसता योगायोग नव्हे असे मानण्याची हद्द. तो आला कुठून? रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात काम करत होता. १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा त्याने सोयीची म्हणून घेतली. सोयीची म्हणून, सत्य म्हणून नव्हे. शेतातला हा रिवाज पुढे इस्पितळात गेला, मानसशास्त्रात गेला, आणि आता काव्यावरच्या प्रबंधातही श्रुतिवचनासारखा उद्धृत होतो. अधिकारवाणीला शब्दप्रमाण मानणाऱ्या परंपरेला हसणारे लोकही या आकड्यापुढे हात जोडतात.

सूत्रे एक असली, तरी प्रत्येक विभागाचे पातेले वेगळे आहे. हेच शिकवायचे राहून जाते. शेतकी विभाग सुदैवी: तो पातेले ढवळू शकतो. कुठे कोणते वाण लावायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येते. वैद्यकात पातेले आपण होऊन दारात येते. त्याचे सुंदर उदाहरण तंजावरातच आहे.

सरफोजी राजे दुसरे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला किल्ला, ग्रंथ आणि जिज्ञासा. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या हाताखाली शिकलेल्या या मराठी राजाने धन्वंतरी महाल काढला, आणि नेत्ररोग्यांच्या चाळीसहून अधिक टिपणांचा संच सरस्वती महाल ग्रंथालयात अजून आहे. काही शस्त्रक्रिया राजाने स्वतः केल्या, असे मानले जाते. टिपणांबरोबर रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत: बुबुळावरची पांढरट झाक, सुजलेली पापणी, रेषान् रेषा टिपलेली. १८३२ साली राजे वारले. त्याच दशकात पॅरिसमध्ये पिएर लुई नावाचा वैद्य न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचा हिशोब मांडून, रक्त काढल्याने खरोखर गुण येतो का, हे तपासत होता. मोजून वैद्यक करण्याची ती पहाट होती, आणि तंजावर तिच्यापासून फार लांब नव्हते.

पण त्या टिपणांवरून त्या काळच्या तंजावरात मोतीबिंदू किती होता, हे विचारू नये. तिथे आहेत ते राजवाड्याच्या दारापर्यंत पोहोचलेले डोळे. ओरत्तनाडू गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला कोणी हात धरून आणलेच नसेल, तर त्याचा डोळा त्या चित्रांत नाही. आजही वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी प्रबंधासाठी आपल्या बाह्यरुग्ण विभागातले शंभर रोगी घेतो आणि निष्कर्ष ‘जिल्ह्यातील’ म्हणून लिहितो. टी-चाचणी बिनचूक असते. पातेले चुकलेले असते.

इतिहासाची गोष्ट आणखी वेगळी. इथे ढवळणारा काळ आहे, आणि त्याने कोणालाही विचारलेले नाही. इतिहासकार नोबोरू काराशिमा, य. सुब्बरायलु आणि तोरू मात्सुई यांनी १९७८ साली चोळ कोरीव लेखांतल्या नावांची जंत्री तीन खंडांत काढली. सुब्बरायलु पुढे तमिळ विद्यापीठात कोरीव लेखांचे प्राध्यापक होते. काराशिमांची पद्धत अशी: एखाद्या लेखातल्या भपकेदार वाक्यावर सिद्धान्त उभारायचा नाही, सगळे लेख गोळा करायचे, कालखंड पाडायचे आणि मोजायचे. जमीन विकणारे आधीच्या काळात बहुतेक ब्राह्मणसभा आणि गावसभा असतात. नंतरच्या काळात व्यक्तींची नावे वाढत जातात. यावरून त्यांनी खासगी जमीनधारणा वाढल्याचे मांडले, आणि दक्षिणेच्या इतिहासलेखनाला त्याने नवे वळण दिले. तरी दोरी इथेही आहे. लेख कोरले गेले ते देवळांच्या भिंतींवर, आणि भिंतीवर नाव येते ते देणाऱ्याचे. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हते, त्याचा बुंधा दोरीच्या बाहेर. काराशिमांना हे पुरते ठाऊक होते. त्यांचे आकडे उचलून पुढे नेणाऱ्या सगळ्यांना असतेच, असे नाही.

अपवाद म्हणून तंजावरातल्याच, राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराकडे बोट दाखवता येते. १०१० साली पुऱ्या झालेल्या त्या देवळाच्या भिंतीवर ४०० देवदासींची नोंद आहे. नाव, मूळचे देऊळ, गल्ली, गल्लीची बाजू, घराचा क्रमांक, आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. इथे शीत नाहीच. हे सारे पातेलेच मोजलेले आहे. आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर खानेसुमारी. त्याच आवारात १८०३ साली सरफोजींनी भोसल्यांच्या वंशाचा अवाढव्य मराठी लेख कोरवला. मराठी पर्यटक तो शोधत जातात, फोटो काढतात, आणि त्या चारशे जणींच्या भिंतीवरून न थांबता पुढे जातात.

मग अधिकार येतो कुठून? महाभारताच्या वनपर्वात एक उत्तर आहे. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाकडे पाहून पाने आणि फळे किती, ते सांगतो. सारथी बनलेला नळ रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे मोजतो. आकडा जुळतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचे मर्म ठाऊक आहे आणि मोजण्याचेही. जुगाराचे फासे त्या काळी बेहड्याच्या फळांचेच असत. म्हणजे ज्या वस्तूने नळ राज्य हरला, तिच्याच झाडाखाली तो अंदाज करायला शिकला. कथाकाराने दैव आणि गणित एका झाडाला लटकवले, ते उगीच नव्हे.

निवड दैवावर सोपवण्याची रीत आजही आहे: कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुले चिकटवायची आणि कोणते आधी पडते ते पाहायचे. त्यामागची श्रद्धा अशी, की माणसाने हात काढून घेतला की तिथे देव बोलतो. यादृच्छिक निवड करणारा संख्याशास्त्रज्ञ देवाचे नाव घेत नाही, पण पहिली अर्धी कृती हुबेहूब तीच करतो: आपला हात काढून घेतो. फरक पुढच्या अर्ध्यात आहे. भाविकाला त्या मोकळ्या जागेत कोणीतरी ऐकू येते. संख्याशास्त्रज्ञाला एवढेच हवे असते, की तिथे स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. न पाहिलेल्याबद्दल बोलण्याचा अधिकार पुष्कळ पाहिल्याने येत नाही. निवडीतून आपली आवड काढून घेतल्याने येतो. आणि जिथे ती काढता येत नाही, इस्पितळात, दप्तरखान्यात, तिथे दोरीबाहेर कोण राहिले हे उघड सांगितल्याने. ही साधनेची गोष्ट आहे. सूत्रांच्या पेपरात ती बसत नाही म्हणून फारसे कोणी शिकवत नाही.

हात काढून घेणेही पुरे नसते, हे चोळांच्याच राज्यातले उत्तिरमेरूर सांगते. ९१९ आणि ९२१ सालच्या लेखांत तिथल्या गावसमित्यांची निवडणूक सविस्तर दिली आहे. तिला कुडवोलै म्हणतात, म्हणजे घड्यातल्या ताडपत्राच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या ढवळायच्या आणि एका अजाण मुलाला काढायला सांगायचे. याहून निर्मळ निवड सुचणे कठीण. पण घड्यात कोणाची नावे जायची? स्वतःची करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवरचे घर हवे, वय पस्तीस ते सत्तर हवे, वेदाचे ज्ञान हवे. आधीच्या समितीचा हिशोब न देणारा आणि त्याचे नातेवाईक बाद. हिशोबाची ती अट वाचून आजचा मतदार खुश होतो. मात्र कुळे, शेतमजूर आणि बायका त्या घड्यात कधी गेल्याच नाहीत. चिठ्ठी निष्पक्ष होती. घडा म्हणजे गाव नव्हते.

म्हणून तंजावरच्या, आणि पुण्या-कोल्हापूरच्याही, विभागप्रमुखांना एकच विनंती. यंदा प्राथमिक संख्याशास्त्राचा पहिला तास फळ्यासमोर घेऊ नका. वैद्यक, इतिहास आणि शेतकी अशा तिन्ही विभागांची मुले एकत्र करा आणि कापणीच्या दिवसांत पीककापणीच्या प्रयोगाला बांधावर नेऊन उभी करा. सूत्र सांगू नका. दोरीवरचे एक रोप दाखवा, हे आत की बाहेर विचारा, आणि प्रत्येकाचे उत्तर कारणासकट वहीत लिहून घ्या.